विश्वास कमी पडला म्हणजे नेमका किती?

‘तुमचा विश्वास कमी पडला.’ या चार शब्दांना माझा आक्षेप आहे, आणि हा लेख तेवढ्यासाठीच आहे. प्रार्थनेला आक्षेप नाही. चमत्कार होतात की नाही या वादात तर मला पडायचंच नाही. तो वाद आमच्या मेसमध्ये रात्री साडेदहानंतर दर आठवड्याला होतो आणि अजून एकदाही निकाली निघालेला नाही! माझा प्रश्न साधा आहे. एक माणूस आजारी पडला, त्याने प्रार्थना केली, दुसऱ्यांनीही त्याच्यासाठी केली, आणि तो बरा झाला नाही. आता त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सांगायचा अधिकार कुणाला आहे?

आधीच सांगते, मी ख्रिस्ती आहे. काही जणांना ते आडनावावरून कळतं, काहींना नाताळात केक मागायच्या वेळी आठवतं. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी घरचं, चर्चचं आणि होस्टेलचं मिळून तयार झालेलं आहे. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. घर प्रॉटेस्टंट आणि शाळा कॅथलिक, म्हणजे लहानपणापासून दोन तऱ्हेचे उपदेश ऐकायची सवय. शिवाय आजी नर्स. ती मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल. तिथे ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग हात स्वच्छ धुऊन सुरी हातात घेतली जायची, असं आजी सांगायची. ‘प्रार्थना केली म्हणून हात धुवायचे राहिले, असं कधी झालं नाही,’ हे ती वर आवर्जून सांगायची. हे वाक्य पुढे लागणार आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझी आत्या भोरला असते. आपल्यापैकी बहुतेकांना भोर-वेल्हे म्हणजे राजगड, तोरणा, मढे घाट आणि जुलैतला ट्रेक एवढंच माहीत असतं. (वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण आत्याच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून मीही तेच लिहिते.) त्या भागात ख्रिस्ती वस्ती फार नाही, पण आहे, आणि जुनी आहे. ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’ नावाचं मिशन १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी सुरू केलं. नसरापूर आणि भोर संस्थानातली गावं हे त्याच्या कामाचं क्षेत्र होतं. तेव्हा ‘हे सगळं आत्ता नवीनच सुरू झालंय’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

गेल्या डिसेंबरात परीक्षा संपल्यावर मी आत्याकडे गेले, तेव्हा भोर तालुक्यातल्याच एका गावात तीन दिवसांची आरोग्यसभा होती. मोठा मांडव, कीबोर्ड, ढोलक, कर्ण्यांचा दणदणाट. वेल्ह्याकडच्या वाड्यांमधून माणसं जीप आणि टेम्पो करून आलेली. सगळी ख्रिस्ती नव्हती, निम्म्याहून जास्त नसावीतच. बाहेरगावचे एक प्रवचनकार आले होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण ते एकटे नाहीत, आणि माझं भांडण वाक्याशी आहे.

माणूस बोलतो छान, हे मान्य केलं पाहिजे. विषय होता मार्कच्या शुभवर्तमानातली बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. वैद्यांवर सगळा पैसा घालवून बसलेली ती बाई गर्दीतून येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. येशू तिला सांगतो की तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. इथपर्यंत कुणाला काय आक्षेप असणार? मग त्यांनी दृष्टांत दिला. देवाच्या पॉवरहाउसमध्ये करंट चोवीस तास आहे, तिथे लोडशेडिंग नाही (टाळ्या!), वायर तुमच्या घरापर्यंत आलेली आहे, बटण फक्त तुम्ही दाबायचं आहे. ते बटण म्हणजे विश्वास. दिवा लागला नाही तर समजा, बटण नीट दाबलं नाही.

मी इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी, तिसरं वर्ष. लॅबमध्ये दिवा लागला नाही तर आम्ही आधी फ्यूज बघतो, मग जोडण्या, मग सप्लाय येतोय का ते, मग दिवाच गेलाय का ते. बटण दाबणाऱ्याच्या बोटाला दोष देणारा मास्तर मी अजून पाहिलेला नाही. (एक लॅब असिस्टंट आहेत, पण ते सगळ्याच गोष्टींना आमचाच दोष देतात.) जी थिअरी कधीच चुकू शकत नाही, म्हणजे दिवा लागला तर माझ्यामुळे आणि नाही लागला तर तुमच्यामुळे, तिच्यावर आम्ही प्रॅक्टिकलचं जर्नल लिहू शकत नाही. सर सही करणार नाहीत.

गोळ्या बंद करा असं ते स्पष्ट म्हणाले नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण खोटा आरोप करायचा नाही. ते म्हणाले, ज्याला चालता येतं त्याला कुबड्या कशाला? आणि मग विचारलं, ज्यांना आज आतून बरं वाटतंय त्यांनी हात वर करा.

हात वर करणाऱ्यांत आत्याच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला होता आणि औषधं सुरू होऊन तिसरा महिना चालू होता. आता इथे थोडं नीट लक्ष द्या, कारण सगळी गंमत, गंमत कसली, सगळा घोळ इथेच आहे. टीबीचं साधं औषध सहा महिन्यांचं असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, वजन चढायला लागतं. रोगी म्हणतो, मी बरा झालो. पण शरीरात जंतू शिल्लक असतात. दमाने, हळूहळू वाढणारे, चिवट. त्यांच्यासाठी पुढचे महिने असतात. मध्येच औषध सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात, आणि त्यांच्यात औषधाला न जुमानणारे निघाले तर पुढचे उपचार जास्त औषधांचे, जास्त त्रासाचे आणि बहुधा जास्त लांबीचे होतात. शिवाय घरातल्या माणसांना लागण होते ती त्याच चिवट जंतूंची.

म्हणजे काकूंना त्या रात्री जे ‘आतून बरं’ वाटत होतं, ते खोटं नव्हतं. त्यांना खरंच बरं वाटत होतं. पण ते अडीच महिने रोज घेतलेल्या गोळ्यांमुळे! सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या, आशाताईंनी घरी येऊन येऊन घ्यायला लावलेल्या गोळ्या. श्रेय मात्र स्टेजवर गेलं. काकू साक्ष द्यायला वर गेल्या, माइकवर रडल्या, मांडवात हालेलुया झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरी कुणालाच सांगितलं नाही, कारण गोळी घेणं म्हणजे दिलेली साक्ष खोटी ठरवणं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. बाईला गोळीची लाज वाटायला लागली.

मार्चमध्ये खोकला परत आला. आणि तेव्हा सभेला नेणाऱ्या मंडळींपैकी एकाने घरी येऊन सांगितलं, की काकू, तुमचा विश्वास कमी पडला.

आता मी पवित्र शास्त्रातूनच बोलते, कारण विज्ञानाचं बोलले की ‘तू फार शिकलीस’ असं म्हणून विषय बंद करता येतो. मार्कच्याच दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाची गोष्ट आहे. गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून चौघे जण छप्पर उसकटून त्याची बाज खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास पाहतो, असं तिथे आहे. त्यांचा, म्हणजे बाज उचलणाऱ्यांचाही! पडून असलेल्या माणसाच्या विश्वासाची स्वतंत्र चौकशी कुणी केली नाही. याईराची मुलगी मेलेली होती. लाजर तर चार दिवस कबरेत होता. त्याने कोणतं बटण दाबलं? योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? उत्तर मिळतं, कुणाचंच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी शिष्यांना तिथल्या तिथे थांबवलं, आणि आपण तोच प्रश्न नवा शर्ट घालून पुन्हा मांडवात आणतो.

त्याच गोष्टीत येशू थुंकीने माती कालवून डोळ्यांना लावतो आणि धुऊन ये म्हणतो. हिज्कीया राजा मरणाला टेकला, त्याने प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायचा सल्ला दिला. ‘तुझा विश्वास तपास’ असं लिहिलं नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला. स्वतः पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. आता पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का? आणि ज्याच्या नावावर एक अख्खं शुभवर्तमान आहे तो लूक, त्याचा धंदा काय होता? वैद्यकी.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट दहा कुष्ठरोग्यांची आहे. येशू त्यांना सांगतो, जा आणि याजकांना दाखवा. का? कारण लेवीयच्या नियमाप्रमाणे कुष्ठ गेलं की नाही हे ठरवायचं काम याजकाचं होतं. तो अंग तपासायचा, काही वेळा सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासायचा, आणि मगच शुद्ध झाला असं जाहीर करायचा. म्हणजे बरं करणाऱ्याने स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट दिलं नाही. तपासणीला दुसरीकडे पाठवलं! आमच्या शाळेतल्या बायॉलॉजीच्या सिस्टर हे फार रंगवून सांगायच्या आणि मग लूर्दवर यायच्या. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून लाखो आजारी जातात. तिथे बरं झाल्याचा दावा आला की डॉक्टरांचं मंडळ जुने-नवे कागद तपासतं, वर्षानुवर्षं थांबतं. हजारो दाव्यांपैकी चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेले सुमारे सत्तर. मला त्या सत्तरांबद्दल काही म्हणायचं नाही. बाकीच्या हजारोंना चर्चने स्वतः ‘थांबा, अजून खात्री नाही’ म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि एवढं करूनही वाद राहतातच. मदर टेरेसांना २००३ मध्ये धन्य घोषित केलं तेव्हा बंगालमधल्या ज्या बाईच्या पोटातली गाठ गेल्याचा आधार घेतला, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींचं म्हणणं होतं की ती गाठ टीबीची होती आणि औषधांनी गेली. पुन्हा टीबी, पुन्हा गोळ्या, पुन्हा श्रेयाचा प्रश्न.

आपल्या मांडवात मात्र पाच मिनिटांत निकाल लागतो. आणि साक्षी फक्त बरे झालेल्यांच्या होतात. हे आपल्याला नवीन नाही. प्लेसमेंट सेलच्या बाहेरचा बोर्ड बघा. हसरे चेहरे, कंपनीचं नाव, पॅकेज. फर्स्ट इयरची मुलं आईबापांना घेऊन येतात आणि तो बोर्ड बघून हरखून जातात. ज्यांचं कुठेच झालं नाही त्यांचे फोटो लावायला बोर्ड नाही, आणि लावला असता तर जागा पुरली नसती. आरोग्यसभेचं स्टेज हा तसाच एक बोर्ड आहे. मार्चमध्ये खोकणाऱ्या काकूंना माइकवर कुणी बोलावत नाही.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं समजून कुणी गालात हसत असेल तर थांबा. वेल्ह्याच्या बाजूला पावसाळ्यात भातखाचरात काम करताना साप चावणं नवीन नाही. माणसं मारणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बाकी बहुतेक बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मंत्र घालणाऱ्या भगताने काहीही केलं तरी त्याचे बरेचसे पेशंट जगणारच! त्याचा निकाल आपल्या युनिव्हर्सिटीपेक्षा चांगला लागतो. पण ज्याला खरंच घोणस चावली त्याचे त्या अंगणात गेलेले दोन तास परत येत नाहीत. माझी रूम पार्टनर मांढरदेवच्या काळूबाईला मानणाऱ्या घरातली. तिच्याकडेही तेच गणित. नवस फळला तर देवीची कृपा, नाही फळला तर नवस बोलण्यात नाहीतर फेडण्यात काहीतरी चुकलं. आम्ही दोघींनी एका रात्री हे ताडून पाहिलं आणि खूप हसलो. मग तिने आईची एक गोष्ट सांगितली. त्यानंतर हसलो नाही. ती गोष्ट तिची आहे, म्हणून लिहीत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. ज्यातून शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही अशा घरातल्या, देवळातल्या, दर्ग्यातल्या, चर्चमधल्या प्रार्थनेला तो हात लावत नाही. मला हे बरोबर वाटतं. पण काकूंच्या बाबतीत कोण काय सिद्ध करणार? ‘गोळ्या सोडा’ असं कुणी म्हणालंच नाही. कुबड्यांचा दृष्टांत दिला म्हणून पोलिसांनी कुणाला धरावं असं मलाही वाटत नाही. हे काम मंडळीचं आहे, कायद्याचं नाही.

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. त्या भागात १९७० च्या दशकाच्या शेवटापासून डॉ. हिम्मतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले, नोंदी ठेवल्या, आणि विंचवाच्या विषाचा मार हृदयावर कसा येतो ते ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली मांडलं. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि जिथे दहातले तीन-चार दगावत होते तिथे मरणं अगदी थोडी उरली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला यात औषधाइतकंच ‘उशाशी बसले’ हे महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगते.

कारण माणसं त्या मांडवात का जातात, याचं उत्तर ‘अडाणी आहेत म्हणून’ असं देणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या वाडीतून आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणणं म्हणजे काय, हे ट्रेकला जाऊन आलेल्यांनी तरी विसरू नये. आपण तिथे हौसेने चिखल तुडवतो. ती माणसं झोळी खांद्यावर घेऊन तुडवतात. एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जायचं, लाइनीत उभं राहायचं, आणि डॉक्टर मान वर न करता लिहून देणार. त्यांचाही दोष नाही, बाहेर शंभर जण उभे असतात. आणि इथे मांडवात एक माणूस खाली उतरून येतो, नाव विचारतो, डोक्यावर हात ठेवतो, डोळे मिटून तुमच्यासाठी मोठ्याने बोलतो. टीबी झाल्यापासून काकूंचा पेला घरात वेगळा ठेवला होता. सुनेचा यात दुष्टपणा नाही, भीती आहे. सहा महिन्यांत काकूंच्या डोक्यावर हात ठेवणारा तो पहिला माणूस होता! येशूनेही कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं. नुसत्या शब्दानेही करता आलं असतं. हा हात खरा आहे, आणि तो काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्या हाताबरोबर जे बिल येतं, ‘बरी झाली नाहीस तर दोष तुझा’, ते मला मान्य नाही.

प्रार्थनेचं मोजमाप करायचे प्रयत्नही झालेत. अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं त्यांच्यात ती थोडी जास्तच निघाली. मला या अभ्यासाने फार फरक पडला नाही. देवाला कंट्रोल ग्रुपमध्ये बसवणं हे मला त्या बटणाच्या दृष्टांताइतकंच विचित्र वाटतं.

मला फरक पडतो तो पंडिता रमाबाईंमुळे. ‘विश्वास कमी’ हे वाक्य त्यांना लावून पाहा. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायका होत्या, आणि तो सगळा संसार प्रार्थनेच्या भरवशावर चालायचा. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं त्याचं नाव जगभरच्या पेन्टेकॉस्टल इतिहासात घेतलं जातं. आजच्या आरोग्यसभांमध्ये जी प्रार्थनेची तऱ्हा दिसते तिचं एक मूळ आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात आहे! आणि याच रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. ते जमलं नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. ते ऐकणं पुढेही परत आलं नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. मधल्या काळात त्या काय करत होत्या? संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. आता कुणी उठून सांगावं की त्या बाईंचं बटण नीट दाबलं गेलं नव्हतं.

प्रवचनकारांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुत कामं केली नाहीत, हे मार्कमध्ये आहे. पण ते कुणाबद्दल आहे? ‘हा तर सुताराचा पोर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या गावाबद्दल. जे थोडे आजारी आले त्यांच्यावर त्याने तिथेही हात ठेवलेच. आलेल्याला विश्वास मोजून परत पाठवल्याचं मला कुठे सापडलं नाही. एका मुलाच्या बापाने तर अर्धा विश्वास आणि अर्धा अविश्वास दोन्ही तोंडावर कबूल केले, आणि तरी त्याचं पोर बरं झालं.

काकूंचे उपचार एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाले. थुंकीची तपासणी झाली. औषधाला दाद न देणारे जंतू सुदैवाने निघाले नाहीत, पण सहा महिने पहिल्यापासून मोजायचे. घरातल्या नातवंडांचीही तपासणी करावी लागली. आत्या आता रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जाते. चहा होतो, गोळ्या होतात, मग दोघी दोन मिनिटं प्रार्थना करतात, याच क्रमाने. काकूंच्या पेल्याबद्दल सुनेशी आशाताई बोलल्या. टीबी पेल्यातून नाही, खोकल्यातून, हवेतून पसरतो हे दोनदा समजावून सांगितलं. पेला अजून वेगळाच आहे.

या डिसेंबरात पुन्हा सभा आहे, पत्रक आलंय. आत्याने आणि मंडळीतल्या आणखी काही जणांनी आयोजकांना चिठ्ठी लिहिली आहे. साक्ष देणाऱ्याने आधी दवाखान्यात तपासून यावं आणि जाण्या-येण्याचा खर्च मंडळीने करावा. मांडवाच्या दाराशी आशाताईंना एक टेबल द्यावं. आणि प्रार्थना संपल्यावर ‘चालू असलेलं औषध कुणीही सोडू नये’ हे प्रवचनकारांनी स्वतः माइकवरून म्हणावं, आयोजकांनी नाही. पहिल्या दोन गोष्टींना हो आलं आहे. तिसरीचं प्रवचनकारांना विचारून कळवतो, असं सांगितलंय.